दुसऱ्या मजल्यावरचे घर: शहराच्या जुन्या मध्यवस्तीतील एका विक्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तीन भावंडांच्या मालकीच्या एका मोठ्या घराचे आहे. घर एका जुन्या शहराच्या अगदी मध्यभागी, संरक्षित क्षेत्रात होते. आमच्याकडे ते सल्ल्यासाठी आले, तेव्हा बाजारात येऊन त्याला चौदा महिने झाले होते. ओळख पटू नये म्हणून शहर, रस्ता आणि माणसे यांविषयीचे तपशील वगळले आहेत. किमतीही रकमेत दिलेल्या नाहीत. भावंडांनी पहिल्यांदा मागितलेली किंमत १०० मानून बाकीचे सगळे आकडे त्या प्रमाणात मांडले आहेत.

इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि चार मजली होती. भिंती जाड आणि चुन्यात बांधलेल्या, मजले लाकडी तुळयांवर पेललेले, आणि मधोमध उघडा दगडी जिना. तिचे सहा हिस्से झालेले होते आणि प्रत्येक हिस्स्याचा मालक वेगळा होता. जिना, छप्पर, पाया आणि मागचा हवाचौक सामाईक होता. विक्रीला काढलेल्या हिश्श्यात दुसरा मजला पूर्ण आणि त्याच्या वरचा, छपराखालचा मजला एवढे येत होते.

दुसऱ्या मजल्याचे महत्त्व काय, हे आधी सांगायला हवे, कारण या प्रकारच्या घरांचा बाजार त्यावरच उभा आहे. लिफ्ट येण्यापूर्वी बांधलेल्या शहरी इमारतींत वरचा मजला म्हणजे कमी भाड्याचा मजला होता. पॅरिसमध्ये १८५३ पासून शहराची पुनर्रचना करणारे प्रशासक ओसमान यांच्या देखरेखीखाली ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत दुसरा मजला सर्वांत मानाचा होता. सज्जा तिथे, उंच छत तिथे, आणि नोकरांच्या खोल्या थेट छपराखाली. व्हेनिसच्या जुन्या प्रासादांत पाण्यालगतचा मजला मालासाठी असे आणि घरमालक त्याच्या वर राहत. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथे दोर तुटल्यावरही न कोसळणारी लिफ्ट लोकांसमोर दाखवली आणि १८५७ मध्ये तिथल्याच एका दुकानात माणसांसाठी लिफ्ट बसली. त्यानंतर हळूहळू मजल्यांची उतरंड उलटी झाली आणि उजेड, दृश्य व शांतता यांमुळे वरचा मजला महाग झाला. ज्या जुन्या इमारतीत लिफ्ट कधी आलीच नाही, तिथे मात्र दोन्ही काळ एकाच वेळी नांदत असतात. मानाचा मजला मधला, पण आजच्या ग्राहकाला हवा असतो वरचा, आणि तिथे चढून जायची त्याची तयारी नसते. आमच्या प्रकरणातल्या घरात नेमके हेच दोन मजले एकत्र विकायचे होते.

तीन भावंडांपैकी थोरली बहीण आईवडिलांच्या शेवटच्या आजारपणापासून त्याच घरात राहत होती. मधल्या भावाचे स्वतःचे घर होते आणि त्याला घाई नव्हती. धाकटा परदेशी होता, त्याच्या व्यवसायात पैशांची तातडीची गरज होती आणि दर महिन्याला ती वाढत होती. घर विकायचे यावर तिघांचे एकमत होते. कितीला आणि केव्हा, यावर नव्हते.

अडचण

चौदा महिन्यांत एकतीस जणांनी घर पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी दिवाणखान्याची उंची, खिडक्यांची लाकडी दारे आणि जिन्याचे कठडे यांची मनापासून वाखाणणी केली आणि पुन्हा फोन केला नाही. ब्रोकरचे म्हणणे होते की बाजार थंड आहे. आमच्या मते बाजारात काही बिघडलेले नव्हते. मागितलेल्या किमतीमागचा हिशेब चुकला होता.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीतले एक घर विकले गेले होते. भावंडांनी त्याचा प्रति चौरस मीटर दर घेतला, आपल्या कागदपत्रांतल्या ३१० चौरस मीटरने गुणला आणि ती मागणी ठरवली. ऐतिहासिक मध्यवस्तीत वर्षाला मोजकीच मोठी घरे विकली जातात आणि त्यांतली कोणतीही दोन सारखी नसतात, त्यामुळे एकाच विक्रीवरून दर काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण शेजारचे घर पहिल्या मजल्यावरचे होते, त्या इमारतीत लिफ्ट होती, आणि तिथला दर प्रत्यक्ष मोजलेल्या क्षेत्रफळावर निघालेला होता. आम्ही हे घर नव्याने मोजले. दुसरा मजला कागदावर १९० होता, तो १८४ भरला. छपराखालचा मजला कागदावर १२० होता, पण उतरत्या छतामुळे माणूस ताठ उभा राहू शकेल एवढा भाग फक्त ७४ निघाला. एकूण २५८, म्हणजे कागदापेक्षा सुमारे सतरा टक्के कमी.

हा फरक किरकोळ नाही. फ्रान्समध्ये १९९६ पासून सामाईक मालकीच्या इमारतीतला हिस्सा विकताना करारात क्षेत्रफळ लिहावे लागते, त्यात १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरता येत नाही, आणि प्रत्यक्ष क्षेत्रफळ विसाव्या हिश्श्याहून अधिक कमी भरले तर खरेदीदाराला एका वर्षाच्या आत त्या प्रमाणात किंमत परत मागता येते. नियम देशोदेशी वेगळे असले, तरी महागडी घरे घेणारा माणूस स्वतःचा मोजणीदार घेऊन येतो, आणि पहिल्याच भेटीत सतरा टक्क्यांची तफावत सापडली की तो बाकीच्या कागदांकडेही संशयानेच पाहू लागतो. शेजारचाच दर मोजलेल्या क्षेत्रफळाला लावला असता मागणी १०० ऐवजी ८३ येत होती.

दुसरी अडचण कागदांत दडलेली होती. छपराखालच्या मजल्यावर सुमारे तीस वर्षांपूर्वी एक न्हाणीघर बांधले होते आणि छपराचा तुकडा कापून एक छोटी गच्ची काढली होती. दोन्हींसाठी परवानगी घेतल्याचा कागद नव्हता. घर विकताना सर्वांत आकर्षक म्हणून दाखवली जाणारी जागा हीच गच्ची होती. संरक्षित इमारतीत विनापरवाना केलेल्या कामाचे दायित्व अनेक देशांत वास्तूबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. इंग्लंडमध्ये वारसा म्हणून सूचीबद्ध इमारतीत असे काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि ते पूर्ववत करण्याची नोटीस काढायला कालमर्यादा नाही, म्हणजे तीस वर्षे उलटली म्हणून काम नियमित होत नाही. चांगला वकील पाठीशी असलेला खरेदीदार ही गोष्ट हमखास शोधून काढतो.

समोर असलेले पर्याय

आम्ही कामाला लागलो, त्याच सुमारास एकापाठोपाठ दोन प्रस्ताव आले.

पहिला एका कुटुंबाचा होता. त्यांनी ८८ देऊ केले, पण इमारतीत लिफ्ट बसवायला आणि दोन्ही मजले आतल्या जिन्याने जोडायला परवानगी मिळाली तरच व्यवहार होईल, अशी त्यांची अट होती. मुदत सहा महिन्यांची होती आणि त्या काळात घर दुसऱ्या कुणाला दाखवायचे नव्हते. दुसरा प्रस्ताव एका गुंतवणूकदार संस्थेचा होता. त्यांनी ७४ देऊ केले, कोणतीही अट न घालता आणि पंचेचाळीस दिवसांत. त्यांना या घराचे चार छोटे भाग करून ते पर्यटकांना थोड्या दिवसांच्या भाड्याने द्यायचे होते.

धाकट्या भावाला दुसरा प्रस्ताव हवा होता आणि त्याची बाजू पोकळ नव्हती. हातात येणारे ७४ हे कदाचित येतील अशा ८८ पेक्षा मोलाचे असू शकतात. पण त्या ७४ विषयी आम्हाला दोन शंका होत्या. संस्थेने तो आकडा ३१० चौरस मीटर धरून काढला होता, म्हणजे मोजणी झाल्यावर तो खाली येण्याची दाट शक्यता होती. आणि त्यांचा सगळा हिशेब पर्यटकांच्या भाड्यावर उभा होता, जे अनेक जुन्या शहरांत आता बेभरवशाचे झाले आहे. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचे दहा हजारांहून अधिक परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणले जातील. अशी एखादी घोषणा पंचेचाळीस दिवसांच्या आत झाली, तर बिनशर्त म्हणवणारा खरेदीदारही मागे फिरू शकतो.

तिसरा पर्याय दोन्ही मजले वेगवेगळे विकण्याचा होता. तो आम्ही लवकरच बाजूला ठेवला. छपराखालच्या मजल्याला लिफ्टशिवाय आणि नियमित न्हाणीघराशिवाय स्वतःची किंमत फारशी नव्हती, आणि दोन्ही मजले एकत्र असणे हेच या घराचे दुर्मीळपण होते.

चौथा पर्याय म्हणजे घर बाजारातून काढून घ्यायचे, आधी सगळे कागद आणि बांधकाम तपासून नीट करायचे आणि मग पुन्हा विक्रीला आणायचे. सल्लागाराला हा पर्याय नेहमीच आवडतो, कारण तो नीटनेटका वाटतो. पण त्याचा खर्च मालकाला उचलावा लागतो आणि वेळ धाकट्या भावाच्या खिशातून जाणार होता.

पहिला निर्णय: कुणाला किती थांबवायचे

आम्ही सुचवलेला मार्ग पहिल्या आणि चौथ्या पर्यायांच्या मधला होता. घर बाजारातून काढावे, मात्र पहिल्या कुटुंबाला सोडू नये. त्यांना सहा महिन्यांचा पूर्ण हक्क देण्याऐवजी पाच महिन्यांचा पहिला नकाराधिकार द्यावा, म्हणजे दुसऱ्या कुणाला विकण्याआधी घर घेण्याची पहिली संधी त्यांना मिळावी. या काळात मालकांनी स्वतःच्या खर्चाने पाहणी करावी आणि विनापरवाना कामांचा निकाल लावावा, तर लिफ्टच्या आराखड्याचा खर्च त्या कुटुंबाने करावा. पाहणीत जे काही निघेल ते त्यांना लेखी कळवायचे, चांगले असो वा वाईट. किंमत पाहणीनंतर ठरेल.

हे होण्यासाठी धाकट्याचा प्रश्न सुटणे आवश्यक होते. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय घराविषयीचा नव्हताच. थोरल्या बहिणीने आणि मधल्या भावाने आपल्या बचतीतून धाकट्याला त्याच्या हिश्श्यापोटी काही रक्कम आगाऊ दिली आणि विक्रीनंतर ती वळती करून घेण्याचा साधा लेखी करार तिघांनी केला. त्या बैठकीत बहीण म्हणाली, "तुला घाई आहे म्हणून आईचं घर तुकड्यांत जायला नको, आणि आम्हाला घाई नाही म्हणून तू बुडायला नकोस." त्यानंतर ७४ च्या प्रस्तावाला नकार द्यायला कुणाची हरकत राहिली नाही. वारसांपैकी एकाची निकड सगळ्या व्यवहाराची गती ठरवते, आणि वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याला ती लगेच जाणवते.

पाहणी आणि छत

पाहणीसाठी संवर्धनाचे काम जाणणारा वास्तुरचनाकार आणि लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता असे दोघे नेमले. दिवाणखान्याला कधीतरी प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत लावले होते. त्याच्या एका कोपऱ्यात पिवळसर डाग होता. डाग बरोबर वरच्या न्हाणीघराखाली होता, म्हणून तिथे हाताच्या पंजाएवढे भोक पाडून आत बॅटरी आणि छोटा कॅमेरा घातला.

आतल्या मूळ तुळया रंगवलेल्या होत्या. गडद हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळ्या वेली, दोन तुळयांमधल्या फळ्यांवर फुलांचे चौकोन, आणि सगळ्यावर अनेक वर्षांची धूळ. घरात लहानाची मोठी झालेल्या बहिणीलाही हे छत माहीत नव्हते. नंतर खोटे छत पूर्ण उतरवले तेव्हा दिवाणखान्याची उंची चाळीस सेंटिमीटरने वाढली.

त्याच कोपऱ्यात वाईट बातमीही होती. भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाला मॉइश्चर मीटर लावला तेव्हा ओलीचे प्रमाण २८ टक्के आले. इतर तुळयांत ते १२ ते १४ टक्के होते. लाकडात सुमारे २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की ते कुजवणाऱ्या बुरशीला पोषक ठरते. पेचकसाचे टोक लावताच लाकूड ओल्या पावासारखे आत गेले. न्हाणीघराच्या नळातून झिरपणारे पाणी हे एक कारण होते. दुसरे कारण म्हणजे बाहेरच्या भिंतीला दिलेला सिमेंटचा गिलावा. चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि वाफेने बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापले की बाहेरची वाट बंद होते, आणि मग पाणी सर्वांत मऊ जागा शोधते, जी बहुधा लाकडाचे टोक असते.

दुरुस्ती मोजकीच केली. तुळईचा कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड दिला आणि तो स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी बांधला. नवा तुकडा रंगवून जुन्यासारखा केला नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तुसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, म्हटल्याप्रमाणे बदललेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण जवळून पाहणाऱ्याला तो वेगळा ओळखू यावा, हे तत्त्व इथे पाळले.

याच टप्प्यावर एक चूक झाली आणि तिची जबाबदारी आमच्याकडे येते. बाहेरचा सिमेंट गिलावा काढायला नेमलेल्या कंत्राटदाराने आतल्या एका भिंतीवरचा सिमेंटही विजेच्या हातोड्याने उडवायला घेतला. त्या सिमेंटखाली मूळ चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर छताशी जुळणारी रंगीत पट्टी होती. आम्ही पोहोचेपर्यंत पट्टीचा दोन मीटर लांबीचा भाग भुगा होऊन जमिनीवर पडला होता. आधी हाताने छिन्नी लावून एक छोटा चौकोन उघडून पाहा, असे कामाच्या आदेशात लिहायला हवे होते. ते लिहिले गेले नव्हते. उरलेली पट्टी वाचली, पण ते दोन मीटर परत येणार नाहीत.

लिफ्ट

वारसा विभागाशी अर्जापूर्वीची चर्चा झाली, तेव्हा जिन्याच्या मोकळ्या गाभ्यात लिफ्ट बसवायला स्पष्ट नकार मिळाला, आणि तो योग्यच होता. त्या जिन्याच्या दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि खालच्या पायरीवर टेकलेल्या होत्या, कठड्याची बाजू पूर्ण अधांतरी होती. अशा रचनेत प्रत्येक पायरी आपला भार खालच्या पायरीवर सोपवते. मधली एक जरी हलवली तरी वरच्या सगळ्यांचे संतुलन बिघडते. मागच्या हवाचौकातून लिफ्ट नेता येईल, असे विभागाने सुचवले.

हवाचौक सहाही मालकांचा होता. तळमजल्यावरच्या दुकानदाराच्या मागच्या खोलीला तिथूनच उजेड मिळत होता, शिवाय ज्या लिफ्टचा आपल्याला काही उपयोग नाही तिचा खर्च आपण का द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टची सर्वांत जास्त गरज होती. गुडघ्यांमुळे त्या आठवड्यातून एकदाच खाली उतरत, पण हिश्श्याची रक्कम देण्याची त्यांची ऐपत नव्हती. पहिल्या बैठकीत खरेदीदार कुटुंबाच्या वास्तुरचनाकाराने थेट आराखडा मांडला आणि बैठक वीस मिनिटांत मोडली.

दुसऱ्या बैठकीपूर्वी बहीण स्वतः प्रत्येक दारी गेली. ती त्या इमारतीत अनेक दशके राहिलेली होती आणि कुणाच्या घरी कधी पाणी गळले, कुणी कुणासाठी औषधे आणली, हे सगळे तिला ठाऊक होते. जे जमले ते असे की तळमजला उभारणी आणि देखभाल या दोन्ही खर्चांतून मुक्त राहील, वरच्या मजल्यांचा वाटा उंचीप्रमाणे वाढत जाईल, आजींचा हिस्सा खरेदीदार कुटुंब भरेल आणि आजींचे घर पुढे कधी विकले जाईल तेव्हा ती रक्कम व्याजाशिवाय परत मिळेल, आणि लिफ्टची खोबण काचेची असेल, म्हणजे दुकानाच्या खोलीतला उजेड फार कमी होणार नाही. या करारासाठी अडीच महिने लागले. तुळईच्या दुरुस्तीला तीन आठवडे लागले होते.

विनापरवाना कामांपैकी न्हाणीघर नव्या जलवाहिन्या आणि जलरोधक थर या अटींवर नियमित झाले. अभियंत्याने मात्र तिथे दगडी टब ठेवायला मनाई केली. राहत्या घराचा लाकडी मजला साधारणपणे प्रति चौरस मीटर दीडशे ते दोनशे किलो भार धरून तपासला जातो, आणि भरलेला दगडी टब त्याच्या दुपटीहून अधिक भार थोड्याशा जागेत देऊ शकतो. छपरातली गच्ची वाचली नाही. तिथे मूळ उतार पुन्हा बांधावा लागला.

दुसरा निर्णय: काय सांगायचे आणि कधी

कुजलेले टोक सापडले त्या दिवशी मधल्या भावाचा आग्रह होता की आधी दुरुस्ती करावी आणि खरेदीदाराला नंतर, झालेले काम म्हणून कळवावे. आम्ही त्याच आठवड्यात फोटो आणि मीटरचे आकडे पाठवण्याचा सल्ला दिला आणि तसेच झाले. ते कुटुंब दोन दिवसांत आपला अभियंता घेऊन आले. त्याने सगळ्या तुळयांची टोके तपासली आणि बाकीची सुस्थितीत असल्याचा लेखी अहवाल दिला. हा अहवाल विक्रेत्याच्या माणसाने दिला असता, तर त्याचे वजन इतके पडले नसते.

निष्पत्ती

गच्ची गेल्यामुळे आणि मोजलेले क्षेत्रफळ समोर आल्यामुळे कुटुंबाने आपला प्रस्ताव ८८ वरून ८१ वर आणला. लिफ्टचा करार हातात होता आणि छत उघडे झाले होते, या जोरावर वाटाघाटी ८४ वर थांबल्या. पाच महिन्यांची मुदत दोनदा वाढवावी लागली. घर बाजारातून काढल्यापासून विक्रीचा दस्त होईपर्यंत अकरा महिने गेले. पाहणी, तुळई, गिलावा, छपराचा उतार, परवानग्या आणि त्या काळातला घर सांभाळण्याचा खर्च मिळून मालकांचे ५ गेले. म्हणजे हाती ७९ आले.

७४ शी तुलना केली तर हा फरक पाचाचा आहे, आणि अकरा महिन्यांच्या विलंबाचे मोल त्यातून वजा केले तर आणखी कमी. धाकट्या भावाला अजूनही वाटते की एवढ्यासाठी इतका खटाटोप करायला नको होता, आणि त्याच्या परिस्थितीतून पाहिले तर ते मत चुकीचे म्हणता येणार नाही. आमचे मत वेगळे आहे, कारण ३१० चौरस मीटरवर बेतलेले ते ७४ मोजणीनंतर टिकले असते असे आम्हाला वाटत नाही. मात्र ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि असा सल्ला देणाऱ्याने हा फरक अशिलाला स्पष्ट सांगितला पाहिजे.

वेगळे काय करता आले असते

मोजणी आणि कागदपत्रांची तपासणी विक्रीची जाहिरात करण्यापूर्वी व्हायला हवी होती. पहिले चौदा महिने केवळ वाया गेले नाहीत, त्यांनी घराचे नावही खराब केले. ऐतिहासिक मध्यवस्तीत एवढे मोठे घर घेऊ शकणारे लोक थोडे असतात आणि ते एकमेकांना किंवा एकमेकांच्या ब्रोकरना ओळखतात. "ते घर अजून पडून आहे" हे वाक्य एकदा फिरू लागले की किंमत कमी करूनही ते पुसले जात नाही.

लिफ्टच्या पहिल्या बैठकीत आराखडा मांडणे ही चूक होती. संरक्षित इमारतीतले महागडे घर विकणारा माणूस खरे तर पाच शेजाऱ्यांची संमतीही विकत असतो आणि ती संमती नकाशावर मिळत नाही. बहीण जे दुसऱ्या फेरीत करून आली, ते पहिल्याच आठवड्यात व्हायला हवे होते. तसे झाले असते तर निदान दोन महिने वाचले असते.

सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट रंगीत छताची आहे. ते सापडल्यावर आम्ही सगळे हरखलो आणि आता किंमत वाढेल असे भावंडांना सांगून बसलो. प्रत्यक्षात खरेदीदार कुटुंबालाही छत फार आवडले, पण त्यांच्या वास्तुरचनाकाराने लगेच यादी काढली: वातानुकूलनाचे नळ आता छतातून नेता येणार नाहीत, दिवे टांगायला तुळयांना भोके पाडता येणार नाहीत, आतल्या जिन्यासाठी फळ्या कापायची जागा बदलावी लागेल, आणि वरच्या मजल्यावरची प्रत्येक गळती आता जास्त महाग पडेल. पाहणीचा अहवाल वारसा विभागाकडे गेला त्या दिवसापासून छतही संरक्षणाखाली आले. सौंदर्य आणि बंधन ही दोन्ही एकाच वेळी घराला चिकटली, आणि किमतीत ती जवळपास एकमेकांना छेद देऊन गेली. खोटे छत उघडण्यापूर्वी आम्ही भावंडांना विचारायला हवे होते की खाली काही सापडले तर ते जपण्याची बांधिलकी तुम्हाला मान्य आहे का. आमची खात्री आहे की बहिणीने होच म्हटले असते. पण प्रश्न विचारला गेला नाही, आणि उत्तर गृहीत धरून कुणाच्या घरावर कायमची बंधने आणणे बरोबर नाही.

पॅरिसच्या मारे भागाचे उदाहरण या संदर्भात आम्ही भावंडांना दिले होते. सतराव्या शतकातल्या सरदारांच्या हवेल्या पुढे कारखान्यांनी आणि दाटीवाटीच्या भाडेकरूंनी भरल्या. १९६२ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, अशा वस्त्यांना एकत्रित संरक्षण मिळू लागले, आणि आज तो भाग शहरातल्या महाग भागांत मोडतो. तिथे नवे बांधता येत नाही, म्हणूनच जे आहे त्याला भाव आहे. तो भाव देणाऱ्या खरेदीदाराला मात्र हेही कळलेले असते की ज्या नियमांमुळे शेजारची इमारत पाडली जाणार नाही, तेच नियम त्यालाही खिळा कुठे ठोकायचा हे सांगणार आहेत. भावंडांना हे आम्ही छत उघडल्यानंतर सांगितले. आता अशा प्रत्येक कामात, पाहणीचा आदेश देण्यापूर्वी, आम्ही मालकांकडून एक लेखी संमती घेतो. काय शोधले जाईल, काय सापडू शकते, ते कुणाला कळवावे लागेल आणि त्यानंतर काय करता येणार नाही, एवढे चार मुद्दे त्यात असतात. गिलावा आणि छत हाताने उघडण्याची अट आता कंत्राटदाराच्या आदेशात पहिल्या ओळीत असते.